बाबांना वडे-सागोती हवी, डॉक्टरांना भाज्या. मधला काही मार्ग आहे का?

घरचा_बल्लव · 9 जुलै, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. कुडाळपासून थोड्या अंतरावरच्या गावात आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा (वय 69). दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. त्याआधी मला चहा आणि आम्लेट एवढंच येत होतं. आता भात-आमटी येते, भाकरी फुगते, मासे बऱ्यापैकी जमतात. वाटणाला आईच्या हाताची चव नाही, रंग मात्र येतो.

मे महिन्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: तेल कमी, मीठ कमी, तळलेलं बंद, भाज्या भरपूर. मी ते अगदी शब्दशः घेतलं. वाफवलेला फ्लॉवर, दुधीचा रस, फोडणीशिवायचं वरण. तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात बाबांनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "माझ्या काळजात स्टेंट घातल्यानी, माका शिंगा नाय फुटली!"

त्या रात्री न जेवता झोपले. मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकींकडून कळलं की आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे चार वडे खाऊन आले होते.

तर प्रश्न असा. त्यांच्या जिवाला बरं वाटतं ते खाणं ठरलेलं आहे: वडे-सागोती, काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळी, पावसात कांदाभजी, सोलकढी. त्यात हल्ली नातीमुळे पावभाजीची भर पडली आहे. यातलं काय काय घरी हलकं करता येईल, भाज्या वाढवून, आणि तरीही ते तेच राहील? ओट्स खा, सॅलड खा असे सल्ले नकोत. ओट्सचं पाकीट आणलं होतं, ते शेवटी कोंबड्यांना घातलं.

आणखी एक. महिन्याचं तेल मोजलं. दोन माणसांत तीन लिटर. म्हणजे माणशी रोज 50 मिली, दहा चहाचे चमचे. मासे तळतो ते धरून. आकडा बघून मीच गप्प झालो.

---

तिरफळ · 10 जुलै, सकाळी 7:05

फोडणी कशाने घालता? पळीने ना? तिथेच गणित चुकतं. मी एकदा माझी फोडणीची पळी मोजली होती, सहा चमचे तेल मावलं. एक चमचा म्हणजे 5 मिली, त्याचे साधारण 40 उष्मांक. म्हणजे एका फोडणीत 240 गेले, भाजी चिरायच्या आधीच. आता तेलाच्या भांड्यात पळी ठेवतच नाही, औषधाच्या बाटलीबरोबर आलेला मापाचा चमचा ठेवलाय. पहिला आठवडा फोडणी केविलवाणी दिसते. पळीऐवजी छोटी लोखंडी कढई घ्या, तेल एका जागी गोळा राहतं आणि मोहरी दोन चमच्यांतसुद्धा नीट तडतडते.

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडे सासरे आहेत, तोच प्रकार.

---

बोरिवलीचा_चाकरमानी · 10 जुलै, सकाळी 9:31

एअर फ्रायर घ्या, विषय संपला.

---

तिरफळ · 10 जुलै, सकाळी 9:50

@बोरिवलीचा_चाकरमानी, कांदाभजी करून बघितलीत का त्यात? पातळ पीठ जाळीतून खाली गळतं आणि वर राहतो तो करपलेला कांदा. सुरणाच्या कापांना, भेंडीला, वांग्याच्या कापांना उत्तम आहे. भज्यांना नाही. आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज असते कुठे?

---

माडाखालची · 10 जुलै, दुपारी 2:18

शुद्ध लिहूक गेलंय की माझा प्रमाण चुकता, म्हणान मालवणीत लिहितंय. समजून घ्या.

अरे झिला, तुझ्या बापाशीक तेल नको हा. तेका वाटपाचो (म्हणजे वाटणाचो) वास व्हयो. तू काय केलंस, तेल काढलंस ता बरा केलंस, पण तेच्याबरोबर वाटप पण काढून टाकलंस. मगे ता जेवान रवला खय? वाटप तसाच ठेव, खालचो माल बदल.

आमच्या लहानपणी एक कोंबडो कापलो तर घरातली धा माणसा जेवाक. प्रत्येकाच्या ताटात दोन फोडी. बाकी काय? सुरण, बटाटो आणि रस्सो. तरी पण आमी म्हणाचो, आज सागोती होती! तेलाची बरणी सणाक खाली येय. वर्षभर पेज, कुळथाची पिठी, परड्यातली भाजी. वाटपात कांदो आणि खोबरा चुलीतच भाजायचा, तेलात परतूक तेल होता खय?

तुझ्याकडे चूल असा काय? नसली तर गॅसवर जाळी ठेव. अख्खो कांदो सालीसकट जाळीवर ठेव, भायरसून काळो होयसर. सुक्या खोबऱ्याची वाटी पण तशीच धर, चिमट्यान. काळा झाला ता सुरीन खरवडून टाक. मगे धणे, लाल मिरची सुकीच भाज. वाटपाक तेलाचो थेंब लागना नाय आणि वास असो येता की शेजारी इचारतत, आज काय केलास?

---

खडूस_खेकडा · 10 जुलै, दुपारी 3:02

माडाखालची आजींना साष्टांग. (आजी म्हटलेलं चाललं ना?)

बाकी हलके वडे, हलकी भजी हे प्रकार मला पटत नाहीत. वडा तळलेलाच असतो. महिन्यातून एकदा दोन खावेत, नीट तेलात तळून, आणि बाकीचे 29 दिवस साधं जेवावं. खोट्या वड्यापेक्षा खऱ्याचा उपास बरा.

---

माडाखालची · 10 जुलै, दुपारी 3:20

आजी चलात. नातवंडा आसत माका सात.

---

दवाखान्यातली · 10 जुलै, संध्याकाळी 6:44

मी परिचारिका आहे, डॉक्टर नाही, तेव्हा तेवढंच सांगते जे वॉर्डात रोज सांगावं लागतं.

पालेभाज्या वाढवण्याआधी बाबांच्या गोळ्यांची नावं बघा. स्टेंटनंतर बहुतेकांना ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी गोळी असते, त्यांचं पालेभाज्यांशी भांडण नाही. पण वॉरफरिन चालू असेल तर गोष्ट वेगळी. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. तेव्हा भाजी बंद करायची नसते, पण आज काही नाही आणि उद्या दोन जुड्या असं करायचं नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो, तिथे इंटरनेटवर विचारून भाज्या ठरवूच नका.

दुसरं, मीठ. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा. त्यात लोणचं, पापड, सुकं मासळी सगळं आलं. आपल्याकडे पावसाळ्यात सुकट-बांगडा रोजचाच, आणि घरचे सांगतात, "आम्ही मीठ अगदी कमी घालतो."

तिसरं, त्याच संघटनेचं भाज्या-फळांचं माप दिवसाला किमान 400 ग्रॅम आहे, आणि त्यात बटाटा, रताळं अशी पिठूळ कंदमुळं धरत नाहीत. म्हणजे आजी, तुमचं सुरण चवीला शंभर टक्के, पण "आज भरपूर भाजी खाल्ली" या हिशेबात ते येणार नाही.

---

माडाखालची · 10 जुलै, संध्याकाळी 7:15

मगे पडवळ घाल, शिराळा (तुमचो दोडको) घाल. सुरण चार फोडी, शिराळा चार मूठ. माझा काय जाता.

---

शिरगावची_सून · 11 जुलै, सकाळी 11:26

काळ्या वाटाण्याचं सांबार मी असं करते. नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून तीन वर्षं हेच चाललंय, त्यामुळे खात्रीने सांगते.

एक वाटी काळे वाटाणे रात्रभर भिजत घाला, दहा-बारा तास तरी. घाई केलीत तर कितीही शिट्ट्या द्या, साल कडकच राहते. कुकरला चिमूटभर मीठ घालून सहा-सात शिट्ट्या. हा वाटाणा हिरव्या वाटाण्यासारखा विरघळत नाही, त्यामुळे रस्सा पाणचट राहतो आणि मग आपण खोबरं वाढवत जातो. खोबऱ्याऐवजी शिजलेल्या वाटाण्यातले दोन डाव काढून वाटणातच वाटा. रस्सा दाट होतो. खोबरं मी आधी अर्धी वाटी घ्यायचे, आता दोन मोठे चमचे. आजी म्हणतात तसा जाळीवर भाजलेला कांदा मात्र एकाऐवजी दोन.

भाज्या: शेवग्याच्या शेंगा, फणसाच्या आठळ्या (माती लावून ठेवलेल्या असतील तर आता काढा), एक वाटी लाल भोपळा, एक वाटी वांगं. भोपळा अगदी शेवटी, नाहीतर त्याचा लगदा होतो. लगदा झालाच तरी बिघडत नाही, रस्सा आणखी दाट होतो. कोकमं तीन-चार. दोन चमचे तेलाची फोडणी, मालवणी मसाला त्या तेलात न टाकता वाटणात मिसळायचा, म्हणजे जळत नाही आणि तेलही कमी पुरतं.

वरचा तवंग येणार नाही, हे आधीच सांगते. आमच्याकडे पहिल्या दिवशी "तर्री खय?" असा प्रश्न आला होता. मी थोडं लाल तिखट अर्धा चमचा गरम तेलात फिरवून वाढताना फक्त त्यांच्या वाटीत वर घातलं. डोळ्यांना तर्री दिसली, काम झालं.

---

अलिबागवाली · 11 जुलै, दुपारी 1:10

आमच्याकडे उत्तरेला वेगळी तऱ्हा. अर्धा वाटा कोलंबी, किलोभर दुधी. आई दुधी अशीच करायची आणि आम्ही भावंडं कोलंबीच्या आशेने सगळा दुधी संपवायचो. कोलंबीची डोकी टाकायची नाहीत, कपभर पाण्यात उकळून ते पाणी गाळून भाजीत घालायचं. लसूण ठेचून, हळद, आलं-मिरची, एक चमचा तेल. नारळ नाही. पडवळात, फ्लॉवरमध्ये, वालाच्या बिरड्यातसुद्धा हेच. मासळी मुख्य पदार्थ म्हणून न करता भाजीला चव लावायला वापरली की थोडी पुरते.

जवळा घालून वांगं तर विचारूच नका. @दवाखान्यातली, जवळा दोन पाण्यांत धुऊन घेते आणि मग भाजीत वेगळं मीठ घालत नाही. चालेल ना?

---

दवाखान्यातली · 11 जुलै, दुपारी 1:48

चालेल. रोज नको.

---

घरचा_बल्लव · 13 जुलै, रात्री 9:37

काय एकेक लिहिताय, भारी! गोळ्या बघितल्या, वॉरफरिन नाही. डॉक्टरांना फोन करून भाज्यांचंही विचारलं, मोकळीक आहे.

आज जाळीवरचं वाटण केलं. कांदा भाजताना बाबा ओसरीवरून आत आले आणि काही न बोलता बाकड्यावर बसले. अडीचशे ग्रॅम कोंबडी (साल काढून), सुरण, शिराळं, शेंगा. जेवताना एवढंच म्हणाले, "शिराळा कोणी सांगितला?" पण वाटी पुसून खाल्ली. आजी, तुमच्या पाया पडतो.

आता अपयश सांगतो. उत्साहाच्या भरात सकाळी आंबोळीच्या पिठात दोन वाट्या दुधी किसून घातला. पहिली आंबोळी तव्याला अशी चिकटली की उलथन्याने खरवडून काढावी लागली. दुसरी, तिसरी, तीच गत. मग उरलेल्या पिठात रवा घातला, तर ते धड आंबोळीही नाही आणि धड काहीच नाही. कोंबड्या खूश आहेत. कुठे चुकलं?

---

शिरगावची_सून · 13 जुलै, रात्री 10:05

दुधीचं पाणी! किसला की सुटत राहतं. आंबोळीचं पीठ आंबलेलं, हलकं असतं, त्याला ते पाणी झेपत नाही. भाजी घालायची तर घावण्यात घाला, आंबोळीत नको. नाहीतर आधी दुधीचा कीस मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळा, आणि ते पिळलेलं पाणीच तांदूळ वाटायला वापरा, साधं पाणी घालूच नका. तवा बिडाचा असेल तर त्याला अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून फिरवा, तेवढंच तेल. कांद्याचा देठ ठेवून मधून चिरायचा, म्हणजे धरायला मूठ मिळते.

तवसाची घावणं आपल्याकडे जुनीच आहेत, तांदळात काकडीचा कीस. फक्त तवस आधी चाखून बघा. एकदा कडू निघालं तर आख्खं पीठ गुरांना.

---

खडूस_खेकडा · 13 जुलै, रात्री 10:30

बघा, कोंबड्यांसाठी धागा काढलाय असं माझं पहिल्यापासून म्हणणं होतं.

---

पेजपाणी · 14 जुलै, सकाळी 8:12

माझा एक वेगळा सूर. इथे सगळे खोबरं कमी करा म्हणताहेत. आमचे आजोबा रोज नारळ खाऊन नव्वदीपार गेले. कोकणातल्या माणसाला खोबऱ्याची भीती घालू नका. खोबरं नैसर्गिक आहे, डब्यातलं तेल नाही.

---

दवाखान्यातली · 14 जुलै, दुपारी 12:20

आजोबा रोज किती चालत होते? माडावर कोण चढायचं? एका आजोबांवरून खोबऱ्याचा निकाल लागत नाही, इकडेही आणि तिकडेही. ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅममागे साधारण 33 ग्रॅम चरबी असते, त्यातली बहुतेक संपृक्त. तरुण, कष्टाच्या माणसाला फारसा फरक पडणार नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाला मोजूनच घ्यावं लागेल. बंद कोणी करायला सांगितलेलं नाही. भाजीवर पेरलेलं मूठभर ओलं खोबरं वेगळं आणि आख्ख्या नारळाचं दाट दूध काढून केलेली सोलकढी वेगळी.

---

माडाखालची · 14 जुलै, दुपारी 2:45

सोलकढीक नारळ व्हयोच असो कोणी सांगल्यान? आमच्याकडे तिवळ करतत. कोकमा गरम पाण्यात भिजवूची, चुरडूची, लसूण-मिरची ठेचून घालूची, कोथमीर, मीठ, किंचित साखर. झाला. नारळाची सोलकढी पावण्यांका, तिवळ घरच्यांका. तुमच्या मुंबैच्या हॉटेलात गुलाबी दुधासारखी ग्लासातून मिळता, तेच्यात कोकमाचो आंबटपणाच लागना नाय.

पेजपाण्या, तुझे आजोबा माडावर चढत होते का नाय ता सांग.

---

पेजपाणी · 14 जुलै, दुपारी 3:30

चढत होते. पंच्याहत्तरीपर्यंत. हरलो.

---

तिरफळ · 16 जुलै, संध्याकाळी 5:55

बाहेर धो-धो पाऊस, घरात सासरे भज्या-भज्या करताहेत, म्हणून प्रयोग केला. आप्पेपात्रातली भजी.

दोन कांदे उभे पातळ चिरून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवले. पाणी सुटलं. त्यात मूठभर कोबी बारीक चिरून, मूठभर शेवग्याचा पाला, ओवा, हिरवी मिरची, आणि बेसन फक्त एकत्र धरण्यापुरतं. वरून पाणी घालायचं नाही, ही खरी मेख. एक चमचा तांदळाचं पीठ कुरकुरीत व्हायला. सात खाचांना मिळून दोन चमचे तेल, मंद आच, झाकण ठेवून पाच मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता.

खरी भजी झाली का? नाही. आतून थोडी मऊ राहतात, कांदाभज्याचे ते पिंजारलेले शेंडे येत नाहीत. पण गरम गरम लसणाच्या चटणीबरोबर सासऱ्यांनी अकरा खाल्ली. आता अकरा खाल्ल्यावर त्यात हलकं काय राहिलं, हे मला विचारू नका.

---

बोरिवलीचा_चाकरमानी · 16 जुलै, रात्री 8:01

पावभाजी माझ्याकडून घ्या, तेवढं एकच मला येतं. चार माणसांना: फ्लॉवर दोन वाट्या, दुधी एक वाटी, लाल भोपळा एक वाटी, मटार अर्धी वाटी, बटाटा एकच, बिटाचा बोटभर तुकडा रंगाला. बटाट्याचं घट्टपणाचं काम भोपळा करतो, आणि तो गोडसर असल्यामुळे टोमॅटो जास्त घालता येतात. शिमला मिरची कुकरमध्ये घालू नका, तव्यावर परता, पावभाजीचा अर्धा वास तिचाच असतो. काश्मिरी मिरच्या भिजवून लसणीबरोबर वाटा.

लोणी सुरुवातीला अजिबात घालायचं नाही. एक चमचा तेलात सगळं करायचं आणि वाढताना प्रत्येकाच्या ताटलीत अर्धा चमचा लोणी वर. नाकाला पहिलं तेच लागतं. पाव कोरडेच भाजा. नातीला भोपळा घातल्याचं सांगू नका. माझ्या मुलाला सहा महिन्यांनी कळलं, तो अजून रागावलेला आहे.

---

घरचा_बल्लव · 29 जुलै, रात्री 9:20

पावभाजी झाली, नात व्हिडिओ कॉलवर होती, बाबांनी तिला सांगून टाकलं. भोपळ्याचं.

वड्यांचं सांगतो, कारण @खडूस_खेकडा यांचं म्हणणं डोक्यात होतं. घरात वड्याचं पीठ होतंच (तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी असं काकींनी दळून दिलेलं). त्यात काकडी किसून, तिच्याच पाण्यात पीठ मळलं, केळीच्या पानावर पातळ थापून पानासकट तव्यावर उलटं टाकलं. पान सुकलं की सोलून काढायचं, मग कडेने अर्धा चमचा तेल. फुगला नाही, पण मेथी-धण्याचा तो वास आला. बाबांनी तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि निकाल दिला: "हो वडो न्हय. पण बरो लागता. हेका दुसरा नाव ठेव."

नाव सुचवा. आणि खडूसराव, महिन्यातून एकदा दोन खरे वडे हेही बाबांशी ठरलंय, डॉक्टरांच्या परवानगीने. पहिली तारीख. बाबा कॅलेंडरकडे बघत असतात.

---

खडूस_खेकडा · 29 जुलै, रात्री 9:41

नाव: वड्याचो भाऊ.

---

शिरगावची_सून · 12 ऑगस्ट, सकाळी 10:15

धागा वर काढते. गोकुळाष्टमी जवळ आली, शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी सगळे करणारच. वर्षातून एकदाच का करतो आपण ही? दारात झाड असतं आणि बाजारातून महागडा पालक आणतो. मूगडाळ अर्धवट शिजवून त्यात कोवळा पाला, कांदा, मिरची, मूठभर खोबरं. देठ निवडायला वेळ लागतो एवढंच. मी आदल्या रात्री डहाळ्या कापडात गुंडाळून ठेवते, सकाळी झटकल्या की निम्मी पानं आपोआप गळतात.

हाच पाला कुळथाच्या पिठीत उकळी येताना टाका. ताकातल्या उकडीतही चांगला लागतो. सर्दी झालेली असली तर पिठीत लसूण दुप्पट.

---

अलिबागवाली · 12 ऑगस्ट, दुपारी 12:02

डहाळ्या झटकायची युक्ती आज कळली, चाळीस वर्षं एकेक पान खुडतेय मी!

---

घरचा_बल्लव · ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी 11:30

गणपतीत सगळे बिझी असाल, तरी लिहून टाकतो.

काल पहिल्यांदाच ऋषीची भाजी मी केली. आई असताना ही भाजी म्हणजे मला कटकट वाटायची, बैलाच्या कष्टाचं चालत नाही, नांगरलेल्या शेतातलं चालत नाही, म्हणून परडं पालथं घालायचं. बाबांनी सकाळी यादी सांगितली, अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, काकडी, भोपळा, सुरण, मक्याची कणसं, शेंगा, अंबाडे. मोजून अकरा. काकींच्या परड्यातून सात मिळाल्या, चार बाजारातून. अळूची खाज जावी म्हणून अंबाडे ठेचून आधीच घातले. मसाला नाही. फोडणी नाही. तेल नाही. हिरवी मिरची, मीठ आणि शेवटी मूठभर ओलं खोबरं.

पातेलं उतरवताना लक्षात आलं की मे महिन्यात डॉक्टरांनी जे लिहून दिलं होतं ते या पातेल्यात जवळपास सगळं आहे, आणि याला बाबा कधी पथ्य म्हणाले नाहीत. तीनदा वाढून घेतली. तिसऱ्यांदा घेताना म्हणाले, "तुझ्या आवशीच्यात मीठ थोडा जास्त असायचा." मग थांबून म्हणाले, "ह्या बरा."

हिशेब: ऑगस्टमध्ये तेल सव्वा लिटर लागलं. बाबांचं वजन दीड किलो उतरलं. रक्ताचा रिपोर्ट सुधारलाय, पण तो गोळ्यांमुळे की शिराळ्यामुळे ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. चतुर्थीच्या दिवशी काकींकडे वडे खाल्ले, किती ते दोघंही सांगत नाहीत.

आता पुढच्या रविवारी खतखतं (तिरफळ घातलेली मिश्र भाजी) करायचंय. आईची तिरफळाची बरणी रिकामी झाली. @तिरफळ, तुमचा आयडी बघून विचारतो, यंदाची सुकलेली तिरफळं कुठे मिळतील?

---

तिरफळ · त्याच दिवशी, दुपारी 4:10

यंदाची अजून झाडावर आहेत, सुकायला वेळ आहे. माझ्याकडे गेल्या वर्षीची पावशेर उरलीत, वास अजून कडक आहे. मी परवा कणकवलीला येतेय, एसटी स्टँडवर देते. बिया काढून टाका, ठेचून मिठाच्या पाण्यात घाला, आणि बाबांना सांगा की चावायची नाहीत.

---

माडाखालची · त्याच दिवशी, संध्याकाळी 6:25

माका पण थोडी ठेव गो.